मालिका, पफ बाह्या आणि मिसळ: गप्पांवर संशोधन होतं का?

पेटच्या मुलाखतीची तयारी करणारे ज्युनिअर्स हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात: "विषय गंभीरच लागतो का?" गंभीर म्हणजे धरणं, निवडणुका, दुष्काळ वगैरे. माझं मत असं की विषय कुठलाही चालतो, प्रश्न धड हवा. म्हणून आज मुद्दाम सगळ्यात रिकामटेकडा वाटणारा विषय घेतो, मित्रमैत्रिणींच्या गप्पा. आणि त्याही अशा, ज्यात जुन्या मालिका, जुने कपडे आणि खाणं यापलीकडे काहीच नाही. पुण्यात या मालाला तोटा नाही. गुडलकमध्ये बनमस्का येईपर्यंत हेच चालू असतं, आणि व्हॉट्सअॅपवर तर बनमस्काही लागत नाही.

समजायला सोपं जावं म्हणून एक तुकडा मीच रचलाय. साठीच्या आसपासच्या चार मैत्रिणी आहेत असं धरा:

"चिमणराव रंगीत होतं ना गं?"
"आमच्याकडे कुठला टीव्ही! शेजारच्या काकूंकडे जायचो. काय त्यांचे ते पफ बाह्यांचे ब्लाउज!"
"पफवरून आठवलं, मलाही तसा फ्रॉक होता. लक्ष्मी रोडवरून घेतलेला. खरेदी झाली की आई मिसळ खायला न्यायची."
"मिसळीबरोबर स्लाइस हं, पाव नाही."

मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी १९२३ साली एका निबंधात अशा बोलण्याचा विचार केला होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: काही बोलणं माहिती देण्यासाठी नसतंच, ते माणसं एकमेकांना धरून राहावीत म्हणून असतं. आपलं "काय, जेवण झालं का?" आठवा. समोरच्याच्या पोटाची चौकशी त्यात नाममात्रच असते. हे बरोबरच आहे, पण बरेच विद्यार्थी इथेच थांबतात. "गप्पांमुळे नाती घट्ट होतात" हा निष्कर्ष आपल्या आजीलाही ठाऊक आहे. त्यासाठी पीएचडी कशाला?

खरी गंमत हार्वी सॅक्स यांच्यापासून सुरू होते. लॉस एंजेलिसमधल्या एका आत्महत्या प्रतिबंधक केंद्राला आलेल्या फोनची ध्वनिमुद्रणं ते १९६०च्या दशकात अभ्यासत होते. लोक काय बोलतात यापेक्षा एका वाक्यानंतर दुसरं नेमकं तेच का येतं, इकडे त्यांचं लक्ष होतं. १९७४ साली शेग्लॉफ आणि जेफरसन यांच्यासोबत त्यांनी बोलण्याच्या पाळ्या कशा ठरतात यावर जो लेख लिहिला, तो संभाषण-विश्लेषणात आजही पायाभूत मानतात. त्यांनी टिपलेली एक गोष्ट आपल्या कामाची आहे: एकाने किस्सा सांगितला की दुसरा "अरे वा" म्हणून गप्प बसत नाही, तो त्याच जातीचा स्वतःचा किस्सा काढतो. तो दुसरा किस्सा म्हणजेच "मला तुझं कळलं" याची पावती.

आता वरचा तुकडा परत वाचा. पहिलीच्या प्रश्नाला कुणीच उत्तर दिलेलं नाही! तरी तिला ते खटकत नाही. टीव्हीवरून शेजारच्या काकू, काकूंवरून बाह्या, बाह्यांवरून लक्ष्मी रोड, तिथून मिसळ. विषय भरकटलाय असं बाहेरच्याला वाटेल, पण प्रत्येक वाक्य आधीच्याचं बोट धरून आलंय. त्यामुळे "टीव्ही: एक उल्लेख, कपडे: दोन, खाणं: दोन" असा तक्ता केलात तर हाती काही लागणार नाही. विषय कुठे वळला आणि कोणी वळवला, ते बघा.

आणि तो अनुत्तरित प्रश्न? मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला, आणि सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे ते पुण्यातही दिसायला लागलं. चिमणराव-गुंड्याभाऊ सत्तरच्या दशकाच्या अखेरीचं. रंगीत प्रक्षेपण आलं १९८२ साली, एशियाडच्या वर्षी. म्हणजे "रंगीत चिमणराव" ही आठवण चूक. मग ती फेकून द्यायची?

इथे इटालियन मौखिक इतिहासकार अलेस्सांद्रो पोर्तेल्ली वाचाच. तेर्नी या पोलादनगरीत लुइजी त्रास्तुल्ली हा कामगार १९४९ साली, नाटोविरोधी निदर्शनाच्या वेळी पोलिसांच्या गोळीने मेला. पण अनेक कामगारांच्या आठवणीत तो मेला १९५३ साली, कारखान्यातल्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात. पोर्तेल्लींनी आधी कागदपत्रांवरून तारीख पक्की केली आणि मग विचारलं, आठवण इकडे का सरकली? कारण त्या गावाला कामगारकपातीची जखम जास्त खोल होती. आपल्या मैत्रिणीच्या बाबतीतही हेच दोन टप्पे. मालिकेचं साल आधी तपासा, मग रंग कुठून आला ते शोधा. घरी पहिला रंगीत टीव्ही आला तो दिवस तर त्यात मिसळला नाही? की नंतर पाहिलेलं दुसरंच काही? क्रम उलटा करू नका. तपासायच्या आधीच अर्थ लावत बसलं की मुलाखतीत परीक्षक सोलून काढतात.

"तेव्हाच्या मालिका काय सुंदर असायच्या" याचंही तसंच. चाळिशीनंतर माणसाला साधारण दहा ते तीस वयातलं जास्त आठवतं, हे स्मृतीच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. तेव्हा ते विधान मालिकांबद्दल कमी आणि बोलणाऱ्याच्या वयाबद्दल जास्त असू शकतं.

कपड्यांची बाजू त्यामानाने सोपी, कारण बाजारात पुरावा सापडतो. २०१३ साली 'होणार सून मी ह्या घरची' सुरू झाली आणि जान्हवीचं मंगळसूत्र सराफांकडे नावानिशी मागितलं जाऊ लागलं. खाण्याचं मात्र अवघड. "स्लाइस हं, पाव नाही" हे वाक्य पदार्थाबद्दल आहे असं मला वाटत नाही. पुण्यात रस्सा जास्तीचा हवा असला की "सॅम्पल" मागतात, कोल्हापुरात "कट" म्हणतात. कुठला शब्द वापरला यावरून आपला कोण, बाहेरचा कोण हे दोन सेकंदांत ठरतं. त्या मैत्रिणीने एका स्लाइसमध्ये चौघींना एका गावात बसवलं.

हे सगळं प्रत्यक्ष कसं करायचं, याचा एक चांगला नमुना म्हणजे पूर्णिमा मंकेकर यांचं दिल्लीतल्या दूरदर्शन बघणाऱ्या बायकांवरचं १९९९चं पुस्तक. त्या घरोघरी जाऊन लोकांसोबत बसल्या, मालिका बघितल्या, बोलणं ऐकलं.

तुमचा अडथळा वेगळा असेल. तुम्ही ज्या ग्रुपवर आहात तिथली माणसं तुम्हाला मित्र म्हणून बोलतात, संशोधक म्हणून नाही. जुने मेसेज तुमच्या फोनमध्ये आहेत म्हणून ते तुमचा डेटा होत नाहीत. एकीने हो म्हटलं, तिघींनी नाही, तर त्या तिघींची वाक्यं काढावी लागतात. आणि वर बघितलंच आपण, एक वाक्य काढलं की पुढच्याचा अर्थच जातो. नावं बदलून भागेल असंही नाही. पफ बाह्यांच्या काकू आळीतल्या सगळ्यांना ओळखू येतात. म्हणून परवानगी आधी मागा, लेखी मागा, आणि नंतर "माझं ते काढ गं" म्हणायची मुभा कधीपर्यंत आहे, ती तारीखही त्याच कागदावर लिहा.