गोळी तीच, बिल कुणाचं?

शिवाजी पेठेतल्या एखाद्या आजींच्या डबीत बीपीची चिमुकली पांढरी गोळी असते. सकाळच्या चहाआधी त्या ती घेतात; पैसे त्यांचे. उद्या त्यांना अ‍ॅडमिट करावं लागलं, तर वॉर्डात नर्स तीच गोळी हातावर ठेवते आणि पैसे मोजतो विमा! गोळी तीच, आजी त्याच. मग बदललं काय? दवाखान्याचा उंबरठा ओलांडला, एवढंच.

असं का? विमा अवचित संकटाचा काढतात. दुधाच्या रतिबाचा कुणी उतरवतं का? ते बिल दरमहा येणारच. विमा कंपनीला आजींची गोळीही रतीबच वाटते. म्हणून आपल्याकडचे बहुतेक आरोग्यविमे खाटेभोवती विणलेले. अमेरिकेने मात्र 2006 पासून मेडिकेअर या सरकारी विम्यात ज्येष्ठांच्या रोजच्या औषधांचाही विमा आणला. चक्क रतिबाचा विमा!

पण आपली खाटही रबरासारखी ताणली जाते बरं का. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी गाठलेल्या कुणालाही आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. उत्पन्न विचारत नाहीत, आधारवरचं वय पुरतं. या सरकारी योजनेतल्या दवाखान्यांत वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार. घरात दोघं सत्तरीपार असतील तर दोघांत मिळून. शिवाय भरती होण्याआधीचे 3 आणि घरी सोडल्यानंतरचे 15 दिवस, यांतली औषधंही त्यातच! म्हणजे आजी रंकाळा तलावावर फेरी मारत असल्या, तरी योजनेच्या हिशेबात पंधरा दिवस खाटेवरच.

आणि सोळाव्या दिवशी? तिथे तर खरं नवल. विम्यावाचूनही ती गोळी आवाक्यात राहते, ती 1970 च्या पेटंट कायद्यामुळे. त्याने औषधाच्या रेणूवर नाही, तो बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट दिलं. जणू पुरणपोळी सगळ्यांची, मालकी फक्त तुमच्या कृतीवर! दुसऱ्या वाटेने तोच रेणू करायला रान मोकळं झालं आणि औषधांचे कारखाने फोफावले. 2005 मध्ये नियम बदलला, पण तोवर कितीतरी गोळ्या पेटंटच्या कचाट्याबाहेर गेल्या होत्या. जनऔषधी दुकानात आज त्याच रेणूची पट्टी ब्रँडच्या निम्म्या किमतीत, कधी त्याहूनही स्वस्त मिळते.

तेव्हा डॉक्टरांकडून ब्रँडसोबत औषधाचं मूळ नावही लिहून घ्या. आणि कार्डावर उपचार झाले असतील, तर डिस्चार्जच्या गडबडीत तसेच निघू नका. पंधरा दिवसांची औषधं मागून घ्या.