कारखान्यातला संगणक आणि विंडोज ११ : आधी कॅबिनेट उघडून बघा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. घरातल्या लॅपटॉपचं ठीक आहे, नवा घेतला की प्रश्न मिटला. पण भोसरी, चाकण किंवा सातपूरच्या शॉप फ्लोअरवर मशीनच्या पॅनेलमध्ये जो इंडस्ट्रियल पीसी बसवलेला असतो, त्याचं काय करायचं? आज आपण तेवढंच बोलणार आहोत.

आधी कागदावरच्या अटी. विंडोज ११ ला ६४ बिटचा, किमान दोन कोअर आणि १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर लागतो. शिवाय ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, सिक्युअर बूट करू शकणारं यूईएफआय फर्मवेअर आणि टीपीएम २.०. रॅम बहुतेक वेळा वाढवता येते, तिचं विशेष नाही. स्टोरेज मात्र बघून घ्या. जुन्या फॅनलेस बॉक्समध्ये ३२ जीबीची एसएसडी असते, नाहीतर बोर्डावरच सोल्डर केलेली ईएमएमसी. एसएसडी बदलता येते, ईएमएमसीचं तसं नाही.

प्रोसेसरच्या यादीत जास्त लोक अडकतात. इंटेलची साधारण आठवी पिढी आणि त्यापुढचे प्रोसेसर चालतात. आता गंमत बघा. कोअर आय७-६७०० यादीत नाही, आणि त्याच्यापेक्षा कितीतरी हळू असलेला सेलेरॉन जे४१०५ यादीत आहे! म्हणजे हा निव्वळ वेगाचा प्रश्न नाहीच. पिढी कोणती, हे बघितलं जातं. इंडस्ट्रियल पीसीमध्ये सर्रास दिसणारा सेलेरॉन जे१९०० तर २०१३ चा. तो अर्थातच बाहेर.

टीपीएम म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणारी छोटी तिजोरी समजा. पुष्कळ जण म्हणतात, "आमच्या पीसीत टीपीएम नाही हो." अनेकदा असतं, पण बंद असतं. बायोसमध्ये जाऊन इंटेलच्या बोर्डावर पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने शोधा. यूईएफआयच्या बाबतीत मात्र घाई नको. जुनी विंडोज लेगसी पद्धतीने एमबीआर डिस्कवर बसवलेली असेल आणि तुम्ही बायोसमध्ये थेट यूईएफआय केलंत, तर विंडोज सुरूच होणार नाही. आधी अख्ख्या डिस्कची इमेज घ्या, मग एमबीआरटूजीपीटी या विंडोजमधल्याच टूलने डिस्कची मांडणी बदला, आणि त्यानंतर बायोसला हात लावा.

बरं, सगळ्या खुणा हिरव्या आल्या. झालं का काम? आमच्या मते फसगत इथेच होते. तपासणीचं ॲप संगणक बघतं, त्याच्या पाठीमागची मशीन बघत नाही.

म्हणून कॅबिनेट उघडा आणि मागून काय काय जोडलंय ते बघा. मोशन कार्ड आहे का? डेटा घेणारं पीसीआय कार्ड? प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लावलेलं लायसन्सचं डोंगल? विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते. ३२ बिटचे साधे प्रोग्राम तिच्यावर चालतात, पण ३२ बिटचा ड्रायव्हर चालत नाही, आणि १६ बिटचा प्रोग्राम तर उघडतच नाही. कार्ड बनवणाऱ्याने ६४ बिटचा ड्रायव्हर कधी काढलाच नसेल, तर पीसी कितीही नवा आणा, कार्ड मुकंच राहणार. ड्रायव्हर ६४ बिटचा असला तरी फार जुना असेल, तर मेमरी इंटिग्रिटी नावाची सुरक्षा त्याला अडवू शकते. नव्या पीसीत पीसीआयचा स्लॉट आहे का, हेही खरेदीआधी विचारा.

सिरीयल पोर्टसाठी यूएसबीचा कन्व्हर्टर लावू, असं लगेच सुचवलं जातं. वजनकाट्याला बहुधा चालून जातो. पण केबल दुसऱ्या यूएसबीत लावली की कॉम पोर्टचा नंबर बदलू शकतो, आणि रात्रपाळीचा ऑपरेटर डोकं धरून बसतो. आम्ही तरी बोर्डावरच आरएस-२३२ असलेला पीसी घ्या म्हणू.

मग अटींत न बसणाऱ्या पीसीचं काय? रजिस्ट्रीत बदल करून तपासणी चुकवायचे उपाय फिरत असतात; पण अशा संगणकाला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. उत्पादनाच्या मशीनवर हा खेळ नको. त्यापेक्षा आयओटी एंटरप्राइझ एलटीएससी ही आवृत्ती बघा. विंडोज १० ची २०२१ ची आवृत्ती १३ जानेवारी २०३२ पर्यंत चालेल. विंडोज ११ ची २०२४ ची आवृत्ती १० ऑक्टोबर २०३४ पर्यंत, आणि तिच्या किमान अटींत टीपीएम ऐच्छिक आहे, २ जीबी रॅम आणि १६ जीबी स्टोरेजही पुरतं. नावातलं 'आयओटी' मात्र नीट वाचा. तो शब्द नसलेली विंडोज १० ची २०२१ ची एलटीएससी १२ जानेवारी २०२७ लाच संपते.

"आमच्या मशीनला इंटरनेटच नाही, मग भीती कसली?" हा प्रश्न हमखास येतो. ऑगस्ट २०१८ मध्ये तैवानच्या टीएसएमसी या चिप कंपनीत नवी यंत्रणा बसवताना वॉनाक्रायची एक आवृत्ती आत शिरली आणि तिथल्या अनेक यंत्रांवर पसरली. नवीन यंत्रणा व्हायरस न तपासताच नेटवर्कला जोडली होती. तेव्हा जुना पीसी ठेवायचाच असेल तर त्याला ऑफिसच्या नेटवर्कपासून तोडा, यूएसबी बंद करा, आणि सर्व्हिसवाल्याचा लॅपटॉप तपासल्याशिवाय जोडू देऊ नका. डिस्कची एक तयार प्रत, तारीख लिहून, त्याच पॅनेलच्या चावीबरोबर ठेवा. आणि ती प्रत लावून मशीन खरंच सुरू होते का, हे एखाद्या साप्ताहिक सुट्टीला करून बघा.