आधी शुद्धता, मग वृद्धी

कुंडी भंडारा हे आम्हां बुऱ्हाणपूरकरांचे भूषण होय. इ.स. १६१५ च्या सुमारास बांधलेल्या त्या भुयारांतून आजही पाणी वाहते. केसासारख्या बारीक काचतंतूतून प्रकाशही असाच, बाहेर न सांडता, आतल्या आत परावर्तित होत जातो. त्या काचेत एर्बियम किंवा यिटर्बियम मिसळून बाहेरून प्रकाशाची ऊर्जा पुरविली, म्हणजे तंतूतूनच लेसर किरण निघतो. लोधीपुऱ्यातील धान्यवाल्याने हा विषय का घ्यावा? त्यात आम्हांस आपल्याच धंद्याचा बोध दिसला, म्हणून.

तंतूच्या दोन टोकांवरील आरशांमध्ये जे तरंग नेमके बसतात, तेवढेच टिकतात. दहा मीटरांच्या तंतूत अशा लगतच्या दोन तरंगांत सेकंदास सुमारे एक कोटी कंपनांचाच फरक असतो. म्हणजे दाटीच म्हणावयाची! लिलावात अनेक गिऱ्हाइकांनी एकदम बोली लावावी, तशी त्यांची चढाओढ चालते. उष्णतामान किंचित बदलले की किरण एका तरंगावरून दुसऱ्यावर उडी घेतो. सूक्ष्म मापनास असा किरण म्हणजे खोटे वजनच.

यावर उपाय आहेत. तंतू पाच सेंटीमीटरांचा केला की हा फरक दोनशे पट वाढतो. काचेतच कोरलेली सूक्ष्म जाळी ठराविक रंगच परत पाठविते. ही युक्ती १९७८ मध्ये कॅनडात केनेथ हिल यांनी दाखविली. ऊर्जा न दिलेल्या एर्बियम-तंतूचा तुकडा जोडल्यास प्रबळ तरंग आपली वाट करून घेतो आणि दुबळे तेथेच शोषले जातात.

परंतु आखूड तंतूची शक्ती अल्प. म्हणून शास्त्रज्ञ प्रथम क्षीण पण शुद्ध किरण घडवितात व मागाहून तो दुसऱ्या तंतूत वाढवितात. तेथेही अतिलोभ चालत नाही. बळ मर्यादेबाहेर गेले की काचेत ध्वनितरंग उठून प्रकाश उलट फिरतो.

हिंगोली जिल्ह्यात औंढा येथे, एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या लायगो-इंडिया प्रकल्पात, चार-चार किलोमीटरांच्या दोन भुजांमध्ये गुरुत्वतरंग मोजावयाचे आहेत. इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र त्यात सहभागी आहे. अमेरिकेतील लायगोत मूळ किरण तंतूतला नसून लहानशा स्फटिकातला, अवघ्या दोन वॅटांचा. मागाहून तो शंभराहून अधिक वॅटांपर्यंत वाढवितात. रीत तीच.

कमीअधिक मापे ठेवणे हा आपल्याकडे अचौर्य अणुव्रताचा अतिचार मानिला आहे. माप शुद्ध ठेवावे, मग पेढी वाढवावी, हेच आम्ही वडिलांकडून शिकलो. आपल्या मुलामुलींपैकी कोणी या विद्येकडे वळले, तर पेढीचा वारस गेला असे कोणी म्हणू नये. मापाची परंपरा पुढे गेली, असेच समजावे.