नऊ खुंट्यांची चाचणी

समोर नऊ भोकांची छोटी पाटी. खुंट्या एकेक उचलून भोकांत बसवायच्या आणि लगेच काढून परत टाकायच्या. आधी सवयीच्या हाताने, मग दुसऱ्या. प्रत्येकी दोनदा, स्टॉपवॉच लावून. शिवाय 25 फूट चालायचं, तेही घड्याळावर. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या, म्हणजे एमएसच्या औषधचाचण्यांत रुग्णाचे हातपाय असे मोजतात. एमआरआयमध्ये मेंदूवरचे डाग दिसतात. ब्लाउजचा हूक लावायला हात किती चालतो, याचा अंदाज या खुंट्यांवरून येतो.

या आजारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर उलटते. बहुतेकांना तो विशी ते चाळिशीत गाठतो, बायकांना जास्त. एका डोळ्याने धूसर दिसतं, पाय बधिर होतो, काही आठवड्यांत बरंही वाटतं. त्यामुळे निदान लांबतं.

स्वतः एमएसचे रुग्ण असलेल्या रेहमत फजलभॉय यांनी 1985 साली मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया उभी केली. पुण्यातही तिची शाखा आहे. 1995च्या अपंग कायद्यातल्या सात प्रकारांत एमएस नव्हता; 2016च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत तो नावानिशी आला. तरी बऱ्याच सवलतींना किमान 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, आणि अंग गळून जाणारा थकवा टक्क्यांत मांडणं अवघडच.

उपचारांपर्यंत पोचणंही सोपं नाही. उदाहरणार्थ, बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातून मोठा न्यूरॉलॉजी विभाग गाठायचा तर परळचं केईएम किंवा मरीन लाइन्सजवळचं बॉम्बे हॉस्पिटल. बदलापूर ते सीएसएमटी सुमारे 68 किलोमीटर. लोकलला दिव्यांगांचा डबा असतो, पण त्या डब्यापर्यंत पोचायचं कसं? त्यात शरीराचं तापमान वाढलं की एमएसची लक्षणं तात्पुरती बळावतात. श्रमानंतर दृष्टी तात्पुरती मंदावते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी 1890 सालीच नोंदवलं होतं. मे महिन्यात ओपीडीत पोचलेला रुग्ण घरी होता त्याहून अशक्त दिसू शकतो. तपासण्याआधी त्याला थोडा वेळ पंख्याखाली बसू द्यायला हवं.

औषधांचा प्रश्न पैशाचाही आहे. रिटुक्सिमॅब मूळचं लिम्फोमाचं औषध; डॉ. रेड्डीज कंपनीने 2007 साली त्याची स्वस्त भारतीय आवृत्ती आणली. एमएससाठी ते उपयोगी पडतं का, हे स्वीडनच्या डॉक्टरांनी सरकारी संशोधन निधीतून तपासलं. 2022 साली निष्कर्ष आले: दोन वर्षांत रिटुक्सिमॅब घेणाऱ्यांपैकी 3 टक्के रुग्णांचा आजार उलटला, डायमिथाइल फ्युमरेट हे एमएसचं दुसरं औषध घेणाऱ्यांपैकी 16 टक्के. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने ते एमएससाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. स्वस्त औषधांच्या अशा चाचण्या केईएमसारख्या सार्वजनिक रुग्णालयांतही मोठ्या प्रमाणावर व्हायला हव्यात. आपल्या रुग्णांना परवडेल असं उत्तर त्यातूनच निघेल.

कोणी औषधचाचणीत नाव घालायला सांगितलं, तर आधी सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत ती शोधावी. 2009 पासून तिथे नोंद सक्तीची आहे. संमतीपत्र मराठीत मागून घ्यावं. आणि चाचणी संपल्यावर औषध फुकट मिळत राहणार का, हे सही करण्याआधीच विचारावं. 2019च्या औषधचाचणी नियमांत तशी तरतूद आहे. त्यासाठी चाचणी करणाऱ्या डॉक्टरची शिफारस आणि एथिक्स कमिटीची मान्यता लागते.