आजार गावात, अभ्यास शहरात : एका रिसर्च कोऑर्डिनेटरचा दिवस

पहाटे 5.00

मुंबईतल्या एका रुग्णालयात, पोटविकार विभागात मी क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. आतड्याला दीर्घकाळ सूज आणि जखमा करणारे दोन आजार म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स. या दोन्हींवरच्या औषधचाचण्यांत सहभागी होणाऱ्या रुग्णांची व्यवस्था आणि नोंदी माझ्याकडे असतात. राहते कर्जतला. आमचे काही सहभागीही याच पट्ट्यातले आहेत: नेरळ, कशेळे, चौक, खोपोली.

कर्जत ते सीएसएमटी शंभर किलोमीटर, दोन तासांहून जास्त प्रवास. लोकलमध्ये शौचालय नसतं. ज्या आजारात दिवसातून आठ-दहा वेळा जावं लागतं आणि कळ आली की दोन मिनिटंही थांबता येत नाही, त्या आजाराच्या माणसाला आम्ही ठरलेल्या तारखेला या गाडीने बोलावतो. आज खालापूर तालुक्यातले एक काका पहिल्यांदाच येत आहेत. खोपोली लोकलने आधी कर्जत, मग गाडी बदलून पुढे. फलाटावर ते दिसले तरी मी फक्त मान हलवते. त्यांना काय झालंय हे गावात कुणाला कळायला नको असतं.

सकाळी 8.15

पहिलं काम औषधांच्या फ्रिजचं. इंजेक्शनं 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्येच राहायला हवीत. रात्रीचं किमान आणि कमाल तापमान वहीत लिहून सही करते. आकडा बाहेर गेलेला असेल तर तो साठा बाजूला काढायचा, स्पॉन्सरला, म्हणजे चाचणी करवणाऱ्या कंपनीला, कळवायचं, आणि उत्तर येईपर्यंत त्यातली एक सिरिंजही वापरायची नाही.

सकाळी 9.00

काका आणि त्यांचा मुलगा समोर बसले आहेत. रक्त पडत होतं म्हणून काकांनी दोन वर्षं मूळव्याधीची औषधं घेतली. वजन उतरलं, अंगात रक्त राहिलं नाही, तेव्हा कुठे कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, झाली आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला.

संमतीपत्र मराठीत आहे, तरी ते नुसतं हातात देऊन भागत नाही. मी पान पान वाचून दाखवते. काकांनी मध्येच थांबवलं.

"ताई, म्हणजे मला खोटी गोळी मिळणार?"

"मिळू शकते, काका. कुणाला कोणती ते कॉम्प्युटर ठरवतो. मला कळत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. तुमची नेहमीची औषधं चालू राहतील. त्रास वाढला तर चाचणी सोडून लगेच दुसरे उपचार सुरू करतो."

"पण खोटी द्यायचीच कशाला?"

काका भातशेती करतात. कर्जतच्या भात संशोधन केंद्रातलं बियाणं त्यांनी लावलेलं आहे. मी म्हटलं, "केंद्रात एकाच शेताचे वाफे पाडतात. काहींना नवं खत, काहींना नाही, आणि कोणत्या वाफ्याला काय हे आधी चिठ्ठीने ठरवतात. का?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नाहीतर पावसाचं श्रेय खताला जाईल."

ही पद्धत खरोखरच शेतातून दवाखान्यात आली. रोनाल्ड फिशर यांनी 1920च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेतीकेंद्रात ती बसवली. 1948 साली क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी याच पद्धतीने झाली. आमच्या आजारात ट्रुलव्ह आणि विट्स यांनी 1955 साली दोनशेहून जास्त रुग्णांवरचे निष्कर्ष छापले आणि कॉर्टिझोन या स्टेरॉइडचा उपयोग सिद्ध केला. आज कोलायटिस भडकला की डॉक्टर स्टेरॉइड लिहितात, त्यामागे त्या दोनशे माणसांनी घेतलेली जोखीम आहे.

मग हक्क सांगते. औषधचाचण्यांच्या 2019च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई द्यावी लागते. कधीही, कारण न सांगता बाहेर पडता येतं, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. शेवटी म्हणते, "आज सही नको. कागद घरी न्या, काकूंना वाचून दाखवा, शंका लिहून आणा." एका दमात, मान खाली घालून केलेली सही मला नको असते.

सकाळी 10.45

डॉक्टरांची बैठक. कर्जत तालुक्यातला एक तरुण, पोटदुखी, ताप, वजन घटलेलं. लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे जखमा आहेत. क्रोन्स की आतड्याचा क्षय? दोन्ही तिथेच होतात, दुर्बिणीतून सारखेच दिसू शकतात, आणि बायोप्सीही पुष्कळदा निकाल देत नाही. क्षयाला क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं तर क्षय अंगभर पसरू शकतो. म्हणून आपल्याकडे अनेकदा आधी एकेटी, म्हणजे क्षयाची औषधं, सुरू करतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करून जखमा भरल्या का ते बघतात. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. गोविंद मखारिया आणि डॉ. विनीत आहुजा यांच्या गटांनी या पेचावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. क्षय विरळ असलेल्या देशांत आखलेल्या चाचणीत हा प्रश्न मध्यभागी येत नाही, आपल्याकडे तो रोज येतो. या मुलाला आमच्या चाचणीत घेता येणार नाही. त्याच्यासारख्यांसाठी आखलेले अभ्यास आपल्यालाच करावे लागतील.

दुपारी 12.00

कोलोनोस्कोपी. या सहभागीला कालच दाखल करून घेतलं, कारण पोट साफ करायचं औषध पिऊन कुणी लोकलने येऊ शकत नाही. आमचे डॉक्टर आतड्याच्या अस्तराला 0 ते 3 गुण देतात, पण चित्रफीत आणखी एका तज्ज्ञाकडे जाते. हा रुग्ण कोण, कोणत्या व्हिजिटचा, हे त्याला माहीत नसतं. 2013 साली ब्रायन फेगन आणि सहकाऱ्यांनी मेसालामाइन या औषधाच्या चाचणीत दाखवून दिलं की, केंद्रावरच्या डॉक्टरांनी चाचणीसाठी पात्र ठरवलेल्यांपैकी सुमारे 31 टक्के रुग्ण या त्रयस्थ वाचनात पात्र ठरत नाहीत. आपल्या रुग्णाला चाचणीत जागा मिळावी असं वाटणारी नजर नकळत गुण बदलते.

दुपारी 1.00

रक्ताच्या नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, सीरम वेगळं करून कोरड्या बर्फात भरते. शौचाचा नमुना कॅलप्रोटेक्टिनसाठी जातो. आतड्यात सूज किती, हे या प्रथिनावरून कळतं. कुरिअरचा माणूस येऊन गेल्यावरच जेवणाचा डबा उघडते.

दुपारी 2.30

नेरळची एक ताई डायरी घेऊन आली आहे. रोज किती वेळा गेलात, रक्त पडलं का, एवढंच लिहायचं असतं. आजाराची तीव्रता मोजणारा मेयो स्कोअर या नोंदींवर उभा असतो. पण त्यात मोजायचं असतं ते 'नेहमीपेक्षा किती जास्त'. एक-दोनदा जास्त असेल तर 1 गुण, तीन-चारदा तर 2, पाच किंवा अधिक तर 3.

"आजाराआधी तुम्ही दिवसातून किती वेळा जायचात?"

ती बराच वेळ आठवत राहिली. "मॅडम, कॉलेजात असल्यापासून हे असंच आहे. नेहमीचं म्हणजे काय ते मला माहीतच नाही."

असं झालं की मी घाई करत नाही. सुट्टीत मामाकडे जायचात तेव्हा? शाळेत मधल्या सुट्टीत? तिच्या तोंडून आकडा येईपर्यंत थांबते, मी सुचवत नाही.

मग डायरीत आणखी एक गोष्ट दिसली. एरवी रोज सहा-सात नोंदी, कालच्या दिवशी दोन. औषध लागू पडलं? मी विचारलं. "नाही हो. आज गाडीने यायचं होतं ना, काल दुपारपासून जेवलेच नाही." डायरीकडे नुसतं बघणाऱ्याला ती सुधारणा वाटली असती. मी कारण शेजारी लिहिलं, तारीख घातली, सही केली. प्रवासाची भीती अशी थेट विज्ञानाच्या आकड्यात शिरते.

दुपारी 4.00

दुसऱ्या एका सहभागीला काल रात्री तापासाठी गावाजवळ दाखल केल्याचा फोन आला. रुग्णालयात भरती म्हणजे गंभीर घटना. 24 तासांत औषध नियंत्रक, स्पॉन्सर आणि एथिक्स कमिटी या तिघांना कळवावंच लागतं, मग त्याचा औषधाशी संबंध असो वा नसो. आधी तिथल्या डॉक्टरांशी बोलणं, मग कागद.

संध्याकाळी 5.45 ते रात्री 9.00

परतीची गाडी. पावसाळ्यात हीच गाडी मोठी अडचण होते. 27 जुलै 2019ला बदलापूर-वांगणीजवळ पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, हजारभर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. रूळ पाण्याखाली गेले की सहभागीची ठरलेली व्हिजिट चुकते, आणि दूरचा माणूस आपोआप अभ्यासातून गळतो. घरी पोचल्यावर शेवटचे फोन: डायरी लिहिलीत का, गोळी घेतलीत का, ताप उतरला का.

कोलायटिस आणि क्रोन्स हे शहरी, सुखवस्तू माणसांचे आजार आहेत असं पूर्वी समजत. हैदराबादच्या डॉ. रूपा बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी पोटाच्या तक्रारी असलेल्या 30 हजारांहून अधिक लोकांची कोलोनोस्कोपी केली, त्यासाठी दुर्बीण गाडीत घालून खेड्यांत नेली. 2023 साली छापलेल्या त्या अभ्यासात गाव आणि शहर यांतलं आजाराचं प्रमाण जवळजवळ सारखं निघालं. दुर्बीण गावात गेली तेव्हा आजार गावात सापडला.

म्हणून दोन मागण्या. चाचण्या आखणाऱ्यांनी प्रत्येक व्हिजिट मुंबईत ठेवू नये. रक्त आणि शौचाचे नमुने कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा चौकच्या ग्रामीण रुग्णालयात घेता येतील अशी सोय करावी. आणि वाचकहो, शौचावाटे रक्त पडत असेल, जुलाब चार आठवड्यांनीही थांबत नसतील, तर मूळव्याध म्हणून अंगावर काढू नका. पोटविकारतज्ज्ञांना दाखवा आणि कोलोनोस्कोपी लागेल का, हे स्वतःहून विचारा.