रताळं, चिलापी आणि 'शुद्ध' शब्द

एकादशीला मेसमध्ये रताळ्याचा कीस असला की टेबलावर तीन भाषा सुरू होतात. मी म्हणतो रताळं, अक्कलकोटचा मित्र म्हणतो गेणसू आणि पूर्व भागातला तेलुगू घरचा मित्र चिलगडदुंपा. मग शुद्ध शब्द कोणता, यावर वाद!

गंमत अशी की मुळात कंदच परका, अमेरिकेतला. आपल्याकडे 'रक्तालु' हे एका कंदाचं संस्कृत नाव आधीपासून होतं, ते या नव्या पाहुण्याला चिकटलं. गुजरातेत मात्र 'रताळू' म्हणजे आजही जांभळं कोनफळ. आणि 'बटाटा'? कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या भाषेत तो शब्द रताळ्याचाच! वाटेत तो दुसऱ्याच कंदावर जाऊन बसला आणि पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आला.

कधी नाव वस्तूबरोबरच प्रवास करतं. न्यूझीलंडचे माओरी रताळ्याला 'कुमारा' म्हणतात, हवाई बेटांवर त्याचंच 'उआला' झालं. दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेत 'कुमार' हा शब्द सापडतो. कोलंबसच्या आधीच हा कंद पॅसिफिकच्या बेटांवर पोचला होता, त्या प्रवासाचा माग काढताना अभ्यासक हा शब्दही पुढे ठेवतात.

ज्यावर पोट चालतं त्याला नावंही भरपूर. आपल्या कोकणातल्या बोय माशाच्या जातीचा मासा हवाईच्या किनाऱ्यालाही मिळतो. तिथे तो हाताएवढा असताना 'कहाहा', मग 'अमाअमा' आणि मोठा झाला की 'अनाए'. हसू नका, ज्वारी पोटऱ्यात आली, हुरड्याला आली, मग कडबा झाला, हे आपणही म्हणतोच की!

आता आपला उजनीचा मासा घ्या. 'चिलापी' म्हटलं की वर्गातला एखादा शहाणा सुधारतो, "तिलापिया म्हण रे." पण मासा आफ्रिकेचा. तिथल्या त्स्वाना भाषेत माशाला 'त्लापी'सारखा शब्द आहे. १८४० साली अँड्र्यू स्मिथ या शास्त्रज्ञाने त्यालाच लॅटिन टोपी घालून 'तिलापिया' केलं. मग त्याने वळवला ते शास्त्र आणि भीमाकाठच्या मच्छीमाराने वळवला ते अशुद्ध, हा कुठला न्याय?

पहिल्या वर्षाला येणारी कितीतरी पोरं कुणी हसेल म्हणून घरचा शब्द तोंडातच गिळतात. चार वर्षांत तो विसरूनही जातात. मित्रांनो, यंदा रूम पार्टनरला एवढंच विचारा, "तुमच्याकडे याला काय म्हणतात?" आणि तो सांगेल तो शब्द वहीत लिहून ठेवा.