वाइन साठवण प्रशीतक

वाइन साठवण प्रशीतक : द्राक्षरसाच्या किण्वनाने (आंबविण्याच्या क्रियेने) तयार होणाऱ्या वाइनच्या बाटल्या स्थिर तापमानात, योग्य आर्द्रतेत व अंधारात ठेवण्यासाठी वापरण्यात येणारे कपाटवजा घरगुती उपकरण. यूरोपात हे काम परंपरेने तळघरे करीत आली आहेत. फ्रान्समधील शँपेन प्रदेशात खडूच्या खडकात खोदलेल्या तळघरांचे तापमान वर्षभर सुमारे १०° ते १२° से. राहते. शहरांतील सदनिकांना तळघर नसते. त्याची उणीव भरून काढणारे कपाट यूरोकाव्ह या फ्रेंच कंपनीने १९७६ मध्ये प्रचारात आणले. तळघरात जमिनीच्या जाड थरामुळे जे आपोआप साधते, ते या उपकरणात यंत्राच्या व उष्णतानिरोधक भिंतींच्या साहाय्याने साधावे लागते.

साठवणीचे तत्त्व : बाटलीत भरल्यानंतरही वाइनमध्ये मंद रासायनिक विक्रिया चालू असतात. तापमान १०° से.ने वाढल्यास अशा विक्रियांचा वेग स्थूलमानाने दुप्पट होतो. मात्र सर्व विक्रियांचा वेग सारख्या प्रमाणात वाढत नसल्याने उष्णतेत वाइन लवकर परिपक्व होण्याऐवजी बिघडते. तिचा ताज्या फळासारखा गंध जातो व शिजविलेल्या फळासारखी चव येते. ही हानी ती पुन्हा थंड केल्याने भरून निघत नाही. दीर्घकाळ साठवणीस १०° ते १५° से. तापमान योग्य असून १२° ते १३° से. हे सर्वसाधारणपणे इष्ट मानतात. तथापि नेमक्या अंकापेक्षा तापमानाची स्थिरता अधिक महत्त्वाची आहे. तापमान वाढले की वाइन प्रसरण पावून बुचावर आतून दाब पडतो. ते उतरले की वाइन आकुंचन पावते व बुचाच्या कडेने हवा आत शिरण्याचा संभव असतो. हवेतील ऑक्सिजनाने वाइनचा रंग व स्वाद बिघडतो. बूच आकसू नये म्हणून सापेक्ष आर्द्रता ५० ते ८० टक्के असावी लागते. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणही घातक असल्याने या कपाटांच्या दाराची काच रंगीत वा विशेष लेप दिलेली असते.

घरातील नेहमीचा प्रशीतक या कामासाठी अपुरा ठरतो. त्याचे तापमान ४° से.च्या आसपास असते, आतील हवा कोरडी असते आणि दार वारंवार उघडले जाते. त्यात बाटली काही दिवस ठेवण्यास हरकत नाही. अनेक महिने ठेवणे मात्र इष्ट नाही.

प्रकार : (१) संपीडकयुक्त प्रशीतकात आयसोब्यूटेनासारख्या द्रव्याचे बाष्पीभवन व संघनन घडवून आतील उष्णता बाहेर टाकली जाते. (२) तापविद्युत् प्रशीतक पेल्त्ये परिणामावर (१८३४) चालतो. दोन भिन्न संवाहकांच्या जोडातून विद्युत् प्रवाह गेल्यास एक जोड थंड व दुसरा उष्ण होतो. त्यात संपीडक नसल्याने कंपने फारशी होत नाहीत. परंतु खोलीच्या तापमानापेक्षा सुमारे १५° ते २०° से. इतकेच खाली जाणे त्याला शक्य असते. नाशिकसारख्या वाइननिर्मितीच्या प्रदेशातही उन्हाळ्यात दुपारचे तापमान ४०° से.च्या आसपास जाते. अशा हवामानात हा दुसरा प्रकार निरुपयोगी ठरतो. संपीडकयुक्त प्रशीतक निवडतानाही त्यावरील हवामान-वर्गाची खूण पहावी. ‘एन’ वर्ग १६° ते ३२°, ‘एसटी’ वर्ग १६° ते ३८° व ‘टी’ वर्ग १६° ते ४३° से. तापमानाच्या खोलीसाठी असतो.

मांडणी : वाहतुकीत प्रशीतक आडवा झाला असल्यास तो उभा करून सुमारे २४ तास तसाच ठेवावा, म्हणजे संपीडकातील तेल मूळ जागी परतते. तो शेगडी, ऊन व भिंतीतील ओल यांपासून दूर ठेवून पायांचे स्क्रू फिरवून समपातळीत आणावा. उष्णता मागील बाजूने बाहेर पडत असल्यास भिंतीपासून निर्मात्याने सांगितलेले अंतर सोडावे; असा प्रशीतक बंदिस्त कपाटात बसवू नये. आयसोब्यूटेन ज्वलनशील असल्याने वायुवीजनाची छिद्रे झाकू नयेत. विद्युत् जोडणी भूयुक्त असावी व दाबात चढउतार होत असल्यास दाबस्थिरक वापरावा. रिकामा प्रशीतक एक दिवस चालवून तापमान स्थिरावल्यावरच बाटल्या भराव्यात. पेलाभर पाण्यात तापमापक बुडवून आत ठेवल्यास बाटलीतील द्रवाच्या तापमानाचा खरा अंदाज येतो.

वापर व निगा : बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवतात, त्यामुळे बूच आतून ओले राहते, आट्यांच्या झाकणाच्या बाटल्यांना याची आवश्यकता नसते. प्रशीतकाची सांगितलेली क्षमता बहुधा ७५० मिलि.च्या सरळ खांद्याच्या बॉर्दो बाटलीवरून मोजलेली असते. शँपेनच्या रुंद बाटल्या त्यात कमी मावतात. फेसाळ वाइन ६° ते ८°, पांढरी ८° ते १२° व लाल १५° ते १८° से. तापमानास पिण्यास देतात. दोन कप्प्यांच्या प्रशीतकाचा उपयोग मुख्यतः यासाठी होतो. दीर्घ साठवणीस एकच तापमान पुरते. उग्र वासाचे पदार्थ आत ठेवू नयेत. दाराची रबरी पट्टी, पाण्याचे तबक व संघनकावरील धूळ वेळोवेळी स्वच्छ करावी. वीज गेल्यास दार उघडू नये. भरलेल्या बाटल्यांची उष्णताधारकता मोठी असल्याने तापमान सावकाश चढते.

मर्यादा : साठवणीने प्रत्येक वाइन सुधारते, हा समज चुकीचा आहे. बहुतेक वाइन बाटलीत भरल्यापासून काही वर्षांतच पिण्यासाठी केलेल्या असतात. प्रशीतक त्यांचा मूळ गुण टिकवितो, नवा निर्माण करीत नाही. म्हणून प्रत्येक बाटलीवर खरेदीची तारीख लिहावी व अशा वाइन जुन्या होण्याआधीच संपवाव्यात. दीर्घकाळ परिपक्व होणाऱ्या थोड्या वाइनच्या बाबतीतच या उपकरणाचा पूर्ण लाभ मिळतो.